चार जागांना चार मते की एकच मत?

चार सदस्यांच्या प्रभागात राहणाऱ्या एका मतदाराचा प्रश्न असा आहे : "आमच्या प्रभागातले चारही नगरसेवक एकाच पक्षाचे आहेत, पण त्या पक्षाला निम्म्या मतदारांनीसुद्धा मत दिलेले नव्हते. इतर देशांत यापेक्षा न्याय्य मतपद्धती आहेत असे वाचनात येते. त्यांतली खरोखर चांगली कोणती, आणि ती आपल्याकडे चालेल का?"

थोडक्यात उत्तर असे की, प्रभाग चार सदस्यांचाच ठेवावा, मात्र मतदाराला चार मतांऐवजी पसंतीक्रमाचे एकच मत द्यावे. ही पद्धत परदेशातून आणण्याची गरज नाही, कारण आपली राज्यसभा आणि विधान परिषद याच पद्धतीने निवडली जाते. महसूल खात्यातील नोकरीत ग्रामपंचायतीपासून लोकसभेपर्यंत जवळजवळ सर्व प्रकारच्या निवडणुकांची कामे माझ्याकडे आली, विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघाच्या मतमोजणीत रात्री जागून काढल्या, आणि निवृत्तीनंतर सहकारी संस्थांच्या निवडणुकांत निवडणूक निर्णय अधिकारी म्हणून काम केले. त्या अनुभवाच्या आधारे वरचे उत्तर कसे निघते ते सविस्तर मांडतो.

मतपद्धतींची चर्चा बहुतेक वेळा सुरुवातीलाच भरकटते, कारण भरायची खुर्ची एक आहे की अनेक, हे कोणी आधी विचारत नाही. सरपंच, नगराध्यक्ष किंवा राष्ट्रपती निवडायचा असेल तर जागा एकच असते, ती वाटून देता येत नाही, आणि अशा वेळी जास्तीत जास्त मतदारांना मान्य असलेली व्यक्ती निवडून येणे हा न्याय्य निकाल. सभागृह निवडताना न्यायाचा अर्थ बदलतो : समाजात जे जे मतप्रवाह आहेत त्यांना आपापल्या बळाच्या प्रमाणात जागा मिळायला हव्यात. एका कामाला उत्तम असलेली पद्धत दुसऱ्या कामाला अगदी निरुपयोगी ठरू शकते, आणि "सर्वांत चांगली पद्धत कोणती" या प्रश्नाला एकच उत्तर नसण्याचे पहिले कारण हे आहे. दुसरे कारण अर्थशास्त्रज्ञ केनेथ ॲरो यांनी 1951 मध्ये गणिताने सिद्ध केले : तीन किंवा अधिक पर्याय असतील, तर मतदारांच्या पसंतीक्रमांवरून सामूहिक क्रम ठरवणारी कोणतीही पद्धत न्यायाच्या काही साध्या, सर्वांना मान्य होतील अशा अटी एकाच वेळी पाळू शकत नाही. म्हणून आपल्या कामाला कोणता दोष सोसवेल, हे पाहूनच निवड करावी लागते.

लोकसभा-विधानसभेला आपल्याकडे इतरांपेक्षा एक मत जास्त मिळवणारा उमेदवार विजयी होतो. ही पद्धत समजायला सोपी आहे, यंत्रावर एकच बटण दाबायचे असते, निकाल मोजणीच्याच दिवशी लागतो आणि आपला आमदार कोण हे मतदाराला नेमके ठाऊक असते. हे गुण खरे आहेत आणि मी त्यांना कमी लेखत नाही. पण तिचा पहिला दोष मतविभाजनाचा आहे. 2019 च्या लोकसभा निवडणुकीत नांदेडमध्ये अशोक चव्हाण 40,148 मतांनी पराभूत झाले आणि तेथे वंचित बहुजन आघाडीच्या उमेदवाराला 1,66,196 मते मिळाली. त्यानंतर "वंचितने मते खाल्ली" असे म्हटले गेले. ते खरे होते की खोटे, हे कधीच सिद्ध होणार नाही, कारण त्या एक लाख सहासष्ट हजार मतदारांची दुसरी पसंती कोणाला होती हे त्यांना विचारण्याची सोयच पद्धतीत नव्हती. नव्या पक्षाने उभे राहणे हाच जणू गुन्हा ठरतो, आणि मतदार मनातल्या उमेदवाराला सोडून "मत फुकट जायला नको" म्हणून दुसऱ्यालाच मत देतो. माझ्या मते या पद्धतीची सर्वांत अन्यायकारक बाजू हीच आहे.

दुसरा दोष मते आणि जागा यांच्या प्रमाणाचा. 2024 च्या लोकसभा निवडणुकीत महाराष्ट्रात भाजपला सुमारे 26 टक्के मते मिळाली, ती सर्व पक्षांत सर्वाधिक होती, पण 48 पैकी जागा मिळाल्या 9; काँग्रेसला सुमारे 17 टक्के मतांवर 13 जागा मिळाल्या. दोन्ही पक्ष आघाड्यांत होते आणि भाजपने काँग्रेसपेक्षा बऱ्याच जास्त जागा लढवल्या होत्या, त्यामुळे ही तुलना जपून करायला हवी. पण त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये विधानसभेला महायुतीच्या तीन प्रमुख पक्षांना मिळून सुमारे 48 टक्के मतांवर 288 पैकी 230 जागा मिळाल्या, म्हणजे हेच माप काही महिन्यांत उलट्या बाजूला झुकले. गोव्यात 2017 मध्ये भाजपला 32.5 टक्के आणि काँग्रेसला 28.4 टक्के मते होती, जागा मात्र अनुक्रमे 13 आणि 17. आज ज्या पक्षाला हा झुकाव फायद्याचा असतो त्यालाच तो उद्या भोवतो, तरीही बदलाची मागणी नेहमी पराभूत पक्षच करतो आणि सत्तेवर येताच ती विसरतो.

आता एका खुर्चीच्या निवडणुकीकडे येऊ. येथे पर्याय मुख्यतः तीन आहेत. पहिला फ्रान्ससारखा दोन फेऱ्यांचा : कोणालाही निम्म्याहून अधिक मते मिळाली नाहीत तर पहिल्या दोघांत पुन्हा लढत. 2002 च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत तेथे डाव्या बाजूची मते इतक्या उमेदवारांत विभागली गेली की पंतप्रधान जोस्पॅं 16.18 टक्के मतांसह तिसरे आले, दुसऱ्या फेरीत राष्ट्राध्यक्ष शिराक यांच्यासमोर अतिउजवे ल पेन उभे राहिले आणि शिराक 82 टक्क्यांहून अधिक मतांनी निवडून आले. म्हणजे विभाजनाचा रोग दुसऱ्या फेरीने बरा होतो, पण पहिल्या फेरीत तो तसाच राहतो. शिवाय आपल्याकडे एका निवडणुकीसाठी जेवढे कर्मचारी, बंदोबस्त आणि वाहने लागतात ते पाहता तीच निवडणूक पंधरवड्यात दोनदा घेणे मला व्यवहार्य वाटत नाही.

दुसरा पर्याय मान्यता मताचा आहे, म्हणजे जे जे उमेदवार चालतील त्या सर्वांसमोर खूण करायची आणि ज्याच्यासमोर सर्वाधिक खुणा तो विजयी. मोजणी अतिशय सोपी आणि अवैध मतांचे प्रमाण जवळजवळ नगण्य, हे तिचे मोठे गुण. अडचण अशी की दुसऱ्या उमेदवारासमोर केलेली खूण आपल्या पहिल्या आवडीच्या उमेदवारालाच पाडू शकते, आणि एवढे लक्षात आले की प्रत्येक गट आपल्या मतदारांना "एकच खूण करा" असे सांगू लागतो. पक्षीय चुरस नसलेल्या लहान संस्थेत, उदाहरणार्थ गृहनिर्माण संस्थेच्या किंवा वाचनालयाच्या अध्यक्षपदासाठी, मी हीच पद्धत सुचवतो.

तिसरा पर्याय पसंतीक्रमाचा. मतदार 1, 2, 3 असे क्रमांक लिहितो. कोणाला निम्म्याहून अधिक मते नसतील तर शेवटच्या उमेदवाराला बाद करून त्याच्या मतपत्रिका त्यांवरील पुढच्या पसंतीनुसार वाटल्या जातात, आणि असे करत करत कोणी तरी बहुमत गाठतो. ऑस्ट्रेलियाच्या कनिष्ठ सभागृहासाठी ही पद्धत 1918 पासून आहे, आपले राष्ट्रपतीही याच पद्धतीने निवडले जातात. 1969 ची राष्ट्रपतीपदाची निवडणूक ही तिची आपल्याकडची सर्वांत बोलकी साक्ष आहे. पहिल्या पसंतीची मतमूल्ये (या निवडणुकीत खासदार-आमदारांच्या मतांना ठरलेले मूल्य असते) व्ही. व्ही. गिरी यांना 4,01,515, नीलम संजीव रेड्डी यांना 3,13,548 आणि आपले चिंतामणराव देशमुख यांना 1,12,769 अशी होती. कोटा, म्हणजे विजयासाठी लागणारे किमान मतमूल्य, 4,18,169 चा होता आणि तो कोणीही गाठला नव्हता. देशमुखांच्या आणि इतर बाद उमेदवारांच्या मतपत्रिका वाटल्यानंतर रेड्डी 4,05,427 वर पोहोचले, म्हणजे त्यांना 91,879 ची भर मिळाली, तर गिरी यांना 18,562 चीच. तरीही 4,20,077 वर जाऊन गिरी विजयी झाले. देशमुखांना मत देणाऱ्यांचे मत फुकट गेले नाही आणि "देशमुखांनी मते खाल्ली" असे म्हणायलाही जागा उरली नाही, कारण त्या मतदारांनी आपली दुसरी पसंती स्वतःच लिहून ठेवली होती.

या पद्धतीत दुसरी पसंती लिहिल्याने पहिल्या पसंतीच्या उमेदवाराचे कधीही नुकसान होत नाही, हे मी प्रत्येक प्रशिक्षणात सांगत आलो आहे, कारण याबद्दल सुशिक्षित मतदारांतही गैरसमज आहे. तुमचा पहिला उमेदवार शर्यतीत असेपर्यंत मतपत्रिकेवरच्या 2 कडे कोणी पाहातच नाही. तरीही पदवीधर मतदारसंघांत उमेदवार "फक्त 1 लिहा" असा प्रचार करतात, मतदार तो ऐकतात, आणि मग बाद फेऱ्या सुरू झाल्या की गठ्ठ्यांमागून गठ्ठे पुढची पसंती नसल्यामुळे बाजूला काढून ठेवावे लागतात. कधी कधी विजयी उमेदवाराला कोटाही गाठता येत नाही आणि शेवटी एकटाच उरला म्हणून त्याला विजयी घोषित करावे लागते. नियम असताना त्याचा लाभ मतदारच घेत नाहीत, हे पाहताना वाईट वाटते.

पसंतीक्रमाचा एक खरा दोषही सांगितला पाहिजे. अमेरिकेतील व्हरमॉंट राज्यातल्या बर्लिंग्टन शहरात 2009 मध्ये महापौरपदाची निवडणूक या पद्धतीने झाली. मतपत्रिकांवरून असे दिसत होते की अँडी मॉंट्रोल हे उमेदवार इतर कोणाहीविरुद्ध समोरासमोर जिंकले असते, पण त्यांच्या पहिल्या पसंती कमी असल्यामुळे ते आधीच बाद झाले आणि बॉब किस निवडून आले. पुढच्याच वर्षी शहराने ही पद्धत रद्द केली. बहुतेकांना दुसरा म्हणून चालणारा, पण फारच थोड्यांचा पहिला असलेला उमेदवार असा मधल्यामध्ये चिरडला जातो. असे क्वचितच घडते, आणि साध्या सर्वाधिक मतांच्या पद्धतीतही तो उमेदवार हरलाच असता, म्हणून एका खुर्चीसाठी माझा कौल पसंतीक्रमालाच आहे.

सभागृहाचा प्रश्न याहून महत्त्वाचा आहे आणि प्रश्नकर्त्याची तक्रार त्याच्याशीच संबंधित आहे. आपल्या महापालिकांतील प्रभागपद्धतीचे रूप सतत बदलत आले आहे : 2002 मध्ये तीन सदस्यांचे प्रभाग, 2007 मध्ये एक सदस्याचे, 2012 मध्ये दोन, 2017 मध्ये चार, मुंबईत मात्र एक सदस्याचाच प्रभाग राहिला. या बदलांत किती सदस्य यावर भांडण झाले, मत कसे द्यायचे यावर कधीच झाले नाही. चार सदस्यांच्या प्रभागात अ, ब, क, ड अशा चार स्वतंत्र जागा असतात आणि मतदार प्रत्येक जागेसाठी एक अशी चार मते देतो. सहकारी साखर कारखान्याच्या निवडणुकीत 'पॅनेल' नावाने आपण जे ओळखतो तेच हे आहे. पॅनेलचा मतदार सगळीकडे एकाच चिन्हावर शिक्का मारत जातो, आणि ज्या गटाकडे चाळीस-पंचेचाळीस टक्के सभासद आहेत तो संपूर्ण संचालक मंडळ घेऊन जातो. मी ज्या संस्थांच्या निवडणुका घेतल्या त्यांत थोड्याशा मतांनी हरलेल्या गटाचा एकही माणूस मंडळावर नाही, असे कितीतरी वेळा पाहिले. त्यानंतर पाच वर्षे तो गट सभेत फक्त गोंधळ घालतो, कारण प्रश्न विचारायला त्याच्याकडे आत माणूसच नसतो.

एक आकडेमोड करून पाहू. समजा, प्रभागात 20,000 वैध मतदान झाले; पहिल्या पक्षामागे 9,000 मतदार, दुसऱ्यामागे 6,500 आणि तिसऱ्यामागे 4,500. सध्याच्या पद्धतीत चारही जागांवर 9,000 विरुद्ध 6,500 अशीच लढत होते आणि चारही जागा पहिल्या पक्षाला जातात. 11,000 मतदारांना, म्हणजे बहुसंख्यांना, आपला म्हणावा असा एकही नगरसेवक मिळत नाही. आता तोच प्रभाग ठेवून प्रत्येकाला एकच संक्रमणीय मत द्या, म्हणजे पसंतीक्रमाने पुढच्या उमेदवाराकडे सरकू शकणारे मत. कोटा काढण्याचे सूत्र आपल्याच निवडणूक नियमांतले आहे : वैध मतांना जागांपेक्षा एका जास्त संख्येने भागायचे आणि एक मिळवायचा. येथे 20,000 भागिले 5 अधिक 1, म्हणजे 4,001. पहिल्या पक्षाकडे दोन कोटे आणि 998 मते उरतात, दुसऱ्याकडे एक कोटा आणि 2,499, तिसऱ्याकडे एक कोटा आणि 499. निकाल 2, 1, 1 असा लागतो. सर्वांत मोठा पक्ष सर्वांत मोठाच राहिला, पण जवळजवळ प्रत्येक मतदाराला महापालिकेत आपला माणूस मिळाला.

अतिरिक्त मते कशी सरकतात हे अनेकांना गूढ वाटते, म्हणून सर्वांना आठवत असेल असे उदाहरण देतो. 10 जून 2022 रोजी महाराष्ट्रातून राज्यसभेच्या 6 जागांसाठी 7 उमेदवार होते आणि 284 मते वैध ठरली. प्रत्येक मताचे मूल्य 100 धरले जाते, त्यामुळे एकूण 28,400 भागिले 7 अधिक 1, असा 4,058 चा कोटा आला. सहाव्या जागेसाठी शिवसेनेचे संजय पवार यांना पहिल्या पसंतीची 33 आणि भाजपचे धनंजय महाडिक यांना 27 मते होती. तरी महाडिक निवडून आले, आणि त्या रात्री हे कसे झाले म्हणून बराच गोंधळ उडाला. भाजपच्या पहिल्या दोन उमेदवारांना प्रत्येकी 48 मते, म्हणजे 4,800 मूल्य मिळाले होते. प्रत्येकाचे 742 मूल्य अतिरिक्त होते आणि ते दुसऱ्या पसंतीने महाडिकांकडे गेले. 2,700 मध्ये ती भर पडली की अपूर्णांक सोडून दिले तरी कोटा ओलांडला जातो. दुसऱ्या बाजूच्या तीन विजयी उमेदवारांना 44, 43 आणि 41 मते असल्यामुळे त्यांची अतिरिक्त मूल्ये 342, 242 आणि 42 मिळून 626 होती. ती सर्व पवारांना मिळाली तरी 3,926 च होतात. या निकालात चमत्काराचा भाग काहीही नव्हता. गरजेपेक्षा जास्त मिळालेले मत वाया न घालवता मतदाराने सांगितलेल्या पुढच्या माणसाला देणे, एवढेच नियमाने केले.

या निवडणुकांच्या वेळी बातम्यांत हॉटेले, मते फुटणे आणि घोडेबाजार हेच शब्द येत असल्याने संक्रमणीय मत ही काही तरी संशयास्पद गोष्ट आहे असे लोकांच्या मनात बसले आहे. पण तो दोष मतदारसंघ 288 लोकांचा असण्याचा आहे. इतक्या लोकांना बसमध्ये बसवून कोणाच्या पुढे कोणती पसंती लिहायची हे नेमून देता येते. वीस-पंचवीस हजार मतदारांच्या बाबतीत ते शक्य नाही. आयर्लंडमध्ये 1922 पासून बहुसदस्य मतदारसंघांत सर्वसामान्य मतदार याच पद्धतीने संसद निवडत आले आहेत, आणि सत्ताधाऱ्यांनी 1959 व 1968 मध्ये ती बदलण्यासाठी सार्वमत घेतले तेव्हा दोन्ही वेळा मतदारांनी ती राखली.

बहुसदस्य मतदारसंघात मते कशी द्यायची हा वाद आपल्याकडे नवा नाही, आणि त्याचा इतिहास महाराष्ट्राने विसरू नये. 1932 च्या पुणे करारानंतर राखीव जागा संयुक्त मतदारसंघांत आल्या तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा आग्रह होता की, मतदाराला जितक्या जागा तितकी मते असावीत आणि ती सर्व एकाच उमेदवाराला एकवटून देण्याची मुभा असावी, म्हणजे अल्पसंख्य समाजाला आपल्या पसंतीचा प्रतिनिधी स्वतःच्या बळावर निवडता येईल. 1937 मध्ये मुंबई इलाख्यात अशी मुभा होती. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत द्विसदस्य मतदारसंघ होते, पण दोन्ही मते एका उमेदवाराला देता येत नव्हती. मुंबई शहर उत्तर मतदारसंघात डॉ. आंबेडकर हे नारायण काजरोळकर यांच्याकडून 14,561 मतांनी पराभूत झाले, आणि 74,333 मते मोजणीत धरली गेली नाहीत असा आक्षेप घेऊन त्यांनी व अशोक मेहता यांनी निवडणुकीला आव्हान दिले. निकालाचे कारण केवळ हा नियम होता असे मी म्हणणार नाही. पण दोन मते असलेल्या मतदारावर ती वाटण्याची सक्ती केली की अल्पसंख्य गटाची ताकद पातळ होते, हे तेव्हाही कळत होते. 1961 च्या कायद्याने ते द्विसदस्य मतदारसंघ रद्द झाले. आजच्या प्रभागात चार मते वेगवेगळ्या चार जागांना द्यावी लागतात, ती त्याच सक्तीची वंशज आहे.

याच संदर्भात कोणी असे म्हणेल की प्रमाणशीर प्रतिनिधित्वाला बाबासाहेबांनी स्वतःच विरोध केला होता. ते खरे आहे. 4 जानेवारी 1949 रोजी संविधान सभेत काझी सय्यद करीमुद्दीन यांनी लोकसभेसाठी प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची दुरुस्ती मांडली, तेव्हा बाबासाहेबांनी दोन हरकती घेतल्या : देशातील साक्षरता या पद्धतीला पुरेशी नाही, आणि सभागृहाचे तुकडे होऊन सरकार अस्थिर होईल. साक्षरतेची हरकत तेव्हा अगदी रास्त होती. आज 1, 2, 3 लिहिता येणार नाही असे मतदार शहरी प्रभागात फार थोडे आहेत. स्थैर्याची हरकत लोकसभेपुरती आजही विचारात घ्यायला हवी, पण महापालिकेत सभागृहाच्या विश्वासावर टिकणारे मंत्रिमंडळच नसते आणि प्रशासन आयुक्त चालवतात, त्यामुळे तेथे ती लागू पडत नाही.

लोकसभा-विधानसभेसाठी पक्षयादीची (मत पक्षाला आणि जागा त्याच्या यादीतून) किंवा मिश्र पद्धत चांगली असे अनेकांचे मत आहे. न्यूझीलंडचा दाखला यासाठी उपयोगी आहे. तेथे 1978 आणि 1981 अशा सलग दोन निवडणुकांत लेबर पक्षाला मते जास्त आणि नॅशनल पक्षाला जागा जास्त मिळाल्या, 1981 मध्ये सोशल क्रेडिटला 20.7 टक्के मतांवर 92 पैकी 2 जागा मिळाल्या, लोक संतापले, 1986 मध्ये शाही आयोगाने मिश्र पद्धत सुचवली, आणि 1993 च्या सार्वमतात 53.9 टक्क्यांनी ती मंजूर होऊन 1996 पासून अमलात आली. मतदार एक मत स्थानिक उमेदवाराला आणि एक पक्षाला देतो, आणि पक्षाच्या एकूण जागा पक्षमतांच्या प्रमाणात पूर्ण केल्या जातात. आपल्या विधी आयोगाने 1999 च्या 170 व्या अहवालात लोकसभेत यादीपद्धतीच्या 138 जागा वाढवण्याची सूचना केली होती. तिचे पुढे काही झाले नाही. यादीपद्धतीबद्दल माझा आक्षेप साधा आहे : यादीतला क्रम पक्षश्रेष्ठी ठरवतात, आणि आपल्या पक्षांत अंतर्गत निवडणुका किती खऱ्या होतात हे सर्वांना माहीत आहे. संक्रमणीय मतात एकाच पक्षाच्या दोन उमेदवारांमधला अधिक चांगला कोण, हेही मतदारच ठरवतो.

आता अडचणी सांगतो, कारण मोजणीच्या टेबलावर त्या रोज भेटतात. पहिली अवैध मतांची. पदवीधरांच्या निवडणुकीत दिलेल्या जांभळ्या पेननेच अंक लिहायचा असतो, 'एक' असे अक्षरी लिहिले तर चालत नाही, बरोबरची खूण चालत नाही, सही किंवा नाव आले तर मतपत्रिका अवैध. मी अशा मतपत्रिका पाहिल्या आहेत ज्यांवर तीन उमेदवारांसमोर 1 लिहिले होते, आणि एकीवर अतिशय सुवाच्य अक्षरात 1 लिहून खाली शुभेच्छा लिहिल्या होत्या. त्या सर्व अवैध म्हणून बाजूला काढाव्या लागल्या. मतदाराचा हेतू स्पष्ट असेल तर मत वैध धरावे असा उदार नियम आणि मतदानाआधी नमुना मतपत्रिकेचा सराव, हे दोन्ही केल्याशिवाय ही पद्धत प्रभागात आणली तर गरीब वस्त्यांतली मते जास्त प्रमाणात बाद होतील आणि न्यायासाठी केलेला बदल अन्याय्य ठरेल. याबाबत मी कोणतीही तडजोड मान्य करणार नाही.

दुसरी अडचण वेळेची. मतपत्रिका 25-25 च्या गठ्ठ्यांत बांधायच्या, सर्व केंद्रांच्या एकत्र मिसळायच्या, टेबलांवर हजार-हजार वाटायच्या, मग पहिल्या पसंतीची छाननी, आणि नंतर एकेका अपक्षाला बाद करत फेऱ्या. पदवीधरांची मोजणी दुसऱ्या दिवशीपर्यंत सहज लांबते. आपली सध्याची मतदान यंत्रे पसंतीक्रम नोंदवू शकत नाहीत, त्यामुळे मतपत्रिका कागदाचीच राहील. मला यात संकट दिसत नाही. पाच वर्षांसाठी निवडायच्या सभागृहाचा निकाल दोन दिवस उशिरा लागला तर बिघडत काही नाही, बिघडते ते दमलेल्या कर्मचाऱ्यांकडून चूक झाली तर, आणि त्यासाठी मोजणीच्या पाळ्या लावायला हव्यात. आजवर त्या क्वचितच लावल्या जातात.

तिसरी आणि सर्वांत नाजूक अडचण आरक्षणाची. निम्म्या जागा महिलांसाठी आणि अनुसूचित जाती, जमाती व इतर मागासवर्गीयांच्या जागा आज अ, ब, क, ड अशा ठरवून दिल्या जातात. एकच मत आणि एकच यादी असली तर हे कसे साधायचे? मार्ग मोजणीच्या नियमात आहे : राखीव जागा भरण्यासाठी जेवढे पात्र उमेदवार लागतात तेवढेच शर्यतीत उरले की त्यांना बाद करता येणार नाही, आणि सर्वसाधारण जागा भरल्या की इतर उमेदवार तेथेच बाद होतील. असा नियम लिहिता येतो आणि हाताने मोजताही येतो. त्याची किंमत अशी की, एखादा उमेदवार जास्त मते असूनही बाद होईल आणि कमी मतांचा राखीव उमेदवार निवडून येईल. आजच्या वेगळ्या जागांतही हेच घडते, फक्त ते एका तक्त्यात शेजारीशेजारी दिसत नाही.

पोटनिवडणुकीचाही विचार करावा लागेल. चारांपैकी लहान गटाचा नगरसेवक दिवंगत झाला आणि त्या एका जागेसाठी संपूर्ण प्रभागात मतदान घेतले, तर जागा मोठ्या पक्षाकडे जाणार हे उघड आहे. माल्टामध्ये आणि ऑस्ट्रेलियाच्या टास्मानियात अशा वेळी त्या सदस्याला निवडून देणाऱ्या मूळ मतपत्रिकाच पुन्हा उघडून त्यांवरच्या पुढच्या पसंतीने जागा भरली जाते. त्यासाठी मतपत्रिका पाच वर्षे सीलबंद जपून ठेवाव्या लागतील. माल्टाकडून आणखी एक धडा घेण्यासारखा आहे : 1981 मध्ये तेथे नॅशनलिस्ट पक्षाला 50.9 टक्के पहिल्या पसंती मिळूनही 65 पैकी 34 जागा लेबर पक्षाकडे गेल्या, कारण मतदारसंघांच्या सीमांचा निकालावर परिणाम होतच असतो. प्रभागरचना पक्षपाती असेल तर संक्रमणीय मत तिचा परिणाम कमी करते, पुसून टाकत नाही.

कायद्याच्या दृष्टीने हा बदल जितका वाटतो तितका कठीण नाही. संविधानाच्या अनुच्छेद 243-द (243R) ची अट एवढीच आहे की नगरपालिकेच्या जागा प्रभागांतून प्रत्यक्ष निवडणुकीने भरल्या जाव्यात. मत एक असावे की चार, हे त्यात नाही, आणि नगरपालिकांच्या निवडणुकांबाबत कायदा करण्याचा अधिकार राज्य विधिमंडळाला आहे. माझ्या वाचनाप्रमाणे महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, 1949 आणि त्याखालील निवडणूक नियमांत दुरुस्ती पुरेशी ठरेल. सहकारी संस्थांत तर सुरुवात याहून लवकर होऊ शकते.

प्रश्नकर्त्याने प्रभागरचनेवरील हरकतींच्या अर्जात हा मुद्दा लिहून उपयोग होणार नाही, कारण ती सुनावणी सीमांपुरती असते. जावे लागेल ते आमदाराकडे. जाताना आपल्या प्रभागाच्या गेल्या निवडणुकीचे चारही जागांचे निकालपत्रक सोबत घ्यावे. प्रत्येक पक्षाच्या चार जागांवरील मतांची सरासरी काढावी, त्या सरासऱ्यांच्या बेरजेला पाचने भागून एक मिळवावा, आणि प्रत्येक पक्षाच्या सरासरीत तो कोटा किती वेळा बसतो ते समोरच्या रकान्यात लिहावे. एका पानावर मावणारा हा तक्ता पाहिल्यावर, आपल्याच पक्षाची मते शेजारच्या प्रभागात कशी वाया गेली, हे त्या आमदारालाही दिसेल.